माझी पंगत तलावात बसली होती

माझ्या लग्नाची पंगत तलावात बसली, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. मूल शहरापासून पायी तासाभरावरच्या आमच्या गावात वैशाखातली सगळी लग्नं तलावातच लागायची. पाणी आटलेलं असायचं, जमीन सपाट, आणि एवढ्या माणसांना बसवायला दुसरी मोकळी जागा होती कुठे? पावसाळ्यात त्याच जागी पुरुषभर पाणी चढायचं. त्या पाण्यावर गावाचं धान पिकायचं आणि माझ्या सासरची माणसं जाळी टाकून पोट भरायची.

त्या दिवशी रस्त्याने एक साहेब जीपमधून चालले होते. मूलला भातगिरण्या वाढल्या होत्या, नवी घरं उठत होती, आणि वस्ती कुठल्या बाजूला न्यायची हे बघत साहेब फिरत होते. आमच्या माणसांनी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. साहेबांनी पोटभर वरणभात खाल्ला, जागेचं तोंडभरून कौतुक केलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

वर्षाने, पुन्हा वैशाखातच, साहेब परत आले. या वेळी सोबत पटवारी, मोजणीची साखळी आणि गाडीभर खुंट्या. तलावाच्या पोटात खुंट्या ठोकणं सुरू झालं, तशी बायकांत कुजबुज उठली, नव्या सुनेचा पायगुण. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबाला आग्रह कर-करून वाढलं तुम्ही, आणि पायगुण माझा?

मी चौथी पास. सासरच्या बायकांत अक्षर ओळखणारी मी एकटी. झाडाखालच्या खाटेवर नकाशा पसरला होता. पदर सावरत मी सरळ पुढे गेले आणि वाकून वाचलं. आमच्या तलावाच्या जागी 'पडीत' असं लिहिलेलं, आणि त्यावर घरांसाठी आखलेले लहान लहान चौकोन.

"पडीत लिवलं हाये," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

पुरुष मागे सरकले. मालगुजारी गेली, मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला, आता सरकारपुढे काय बोलायचं, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. त्यांचा मला साहेबापेक्षा जास्त राग आला. बोलल्या त्या माझ्या सासूबाई.

"साहेब, हा तलाव हाये जी."

साहेब हसले. "बाई, मी स्वतः इथं बसून जेवलोय. पाण्याचा एक थेंब तरी दाखवा."

तलाव आटला की मधल्या खोलगट भागातले मासे आमच्याकडे कोणी काढत नसे. मरळ आणि मागूर तिथे चिखलात खोल शिरतात. वरची माती तडकली तरी खाली जिवंत राहतात आणि पाऊस आला की वर येऊन अंडी घालतात. त्यांना आम्ही 'बी' म्हणायचो. तिथे खणणाऱ्याचं जाळं पंच वर्षभर काढून घेत.

सासूबाई घरी गेल्या आणि खणायची लोखंडी सब्बल घेऊन आल्या. त्या खोलगटाकडे निघाल्या, तसा माझा नवरा ओरडला, "माय, तिथी बी हाये!"

"मले ठाऊक हाये. तलावच नाई राह्यला, त बी काय कराचं हाये?"

त्या खणत होत्या, मी फावड्याने माती ओढत होते. वरची ढेकळं संपली, ओली काळी माती लागली, मग चिखल. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात घातला आणि हातभर लांबीची जिवंत मरळ ओढून काढली. तशीच नेऊन त्यांनी ती नकाशावर ठेवली. तिने शेपटीचे दोन फटके मारले आणि चौकोन चिखलाने भरून गेले.

"सरकारी कागद खराब केलात!" साहेब कडाडले.

"मंग तलाव लिवा जी," मी म्हणाले. मी खाटेपासून हलले नाही. आता पुरुषही एकेक करून खाटेभोवती येऊन उभे राहिले. साहेबांनी त्या तडफडणाऱ्या मरळीखालून नकाशा ओढून घेतला. शेवटी 'पडीत' खोडून त्यांनी 'तलाव' लिहिलं, ते मी वाचलं, आणि मगच बाजूला झाले.

सासूबाईंनी मरळ परत खड्ड्यात सोडून वर ओली माती लोटली. मग घरचं जाळं काढलं आणि स्वतःच पंचांच्या दारी नेऊन दिलं. पंच घेईनात. म्हणाले, तुम्ही तर गावासाठी खणलं. "खणलं त खणलं," म्हणून त्या जाळं ओट्यावर टाकून आल्या. त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला आणि आम्ही मासे न धरता दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत मजुरीने रोवणीला गेलो. पायगुणाचा शब्द पुन्हा कोणाच्या तोंडून निघाला नाही.

पुढच्या वैशाखात माझ्या नणंदेची पंगत तिथेच बसली. रस्त्यावर एक जीप थांबली, कोणी नवेच साहेब. आमच्या माणसांनी त्यांना आग्रहाने बसवलंच. पत्रावळ घेऊन मी गेले, पण भात वाढायच्या आधी म्हणाले, "साहेब, तुमी तलावात बसून जेवून राह्यले. वही असन त आधी हे लिवून घ्या."