वजनात न बसलेली काडतुसं

आज नेमबाजीच्या रेंजवर एक गृहस्थ टेबलाशी बसून काडतुसं तोलत होते. चिमट्याने एकेक उचलायचं, छोट्या काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा आणि डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या डबीत टाकायचं. त्यांना बघून बाबांची मान आठवली, अशीच काट्यावर वाकलेली.

दादा आणि मी, दोघंही तेव्हा नेमबाजी शिकत होतो. सारख्या वजनाचं काडतूस लांबवरही सारख्याच ठिकाणी लागतं, असं बाबांचं ठाम मत. म्हणून वजनाला जुळणारी सगळी दादाला. उरलेली, जराशी हलकी किंवा जड, ते माझ्याकडे सरकवायचे. "तुला काय, सरावापुरती चालतील." तरीही दादाचा नेम चुकला की म्हणायचे, "आज वारा फार होता." जसा काही माझ्या बाजूला तो वाहतच नव्हता.

तोलल्याने नेम खरंच सुधारतो का, मला अजून ठाऊक नाही. थोडाफार सुधारत असेलही. पण काट्यावर चढण्याआधीच ज्याची डबी ठरलेली असते, त्याला तोलायचं सोंग तरी कशाला?

एकदा त्याच टाकाऊ काडतुसांनी माझ्या सगळ्या गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या. टार्गेटचा कागद घेऊन मी धावत बाबांकडे गेले. त्यांनी तो उजेडात धरला, भोकांवरून बोट फिरवलं आणि दादाच्या हातात दिला.

"बघ," ते त्याला म्हणाले, "वारा पडला की कुणाचाही नेम लागतो."