कुणकेश्वराला राहिलेली चिमणाबाई

प्लेगनं एका आठवड्यात मुरगूडच्या चिमणाबाईचा नवरा नेला आणि थोरला मुलगाही नेला. धाकटा हंबीर तेवढा उरला. गाव सोडून माळावर घातलेल्या झोपडीत त्याला पोटाशी धरून तिनं कुणकेश्वराला नवस बोलला, एवढा ठेव, मी एकटी पायी तुझ्या दाराशी येईन.

हंबीर राहिला आणि नवसही तसाच राहिला. कुणकेश्वर म्हणजे घाट उतरून पार समुद्राच्या काठाला, पाच-सहा दिवसांची चाल. इकडं पेरणी, भांगलण, सुगी आणि बाईचे हात दोनच. पुढच्या शिवरात्रीला जाऊ म्हणत तिनं दोन शिवरात्री घालवल्या. शाहू महाराजांना गादीवर येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, त्या साली हंबीरला मुदतीचा ताप भरला. अकरा दिवस उलटले तरी ताप उतरेना, पोर आईला ओळखेना. सासूनं, म्हणजे आक्कानं, तोंडावर सांगितलं की देवाचं देणं तू ठेवलंस, ते देव आता पोराकडून वसूल करतोय.

तापानं फणफणलेलं लेकरू टाकून आई निघते कशी, असं विचारणारे विचारोत. ज्यांच्यावर तशी वेळ आली नाही, त्यांना विचारायला काय जातंय? आमच्याकडं रीत अशी की आजारी माणसाला देवापर्यंत नेता येत नसेल तर त्याच्या अंगावरचं कापड न्यायचं. ते देवाच्या पायाला लावायचं आणि परत आणून त्याच्याच अंगात घालायचं. तोवर ते कापड म्हणजेच तो माणूस. चिमणाबाईनं हंबीरचा घामेजलेला अंगरखा काढून पदरात बांधला, त्याला आक्काच्या हवाली केलं आणि भाकरीचं गाठोडं घेऊन अनवाणी निघाली.

फोंड्याचा घाट तिनं कसा उतरला, ते तिलाही पुढं सांगता आलं नाही. वाटेत ती कुठं नीट झोपली नाही. पाचव्या दिवशी सकाळी पाय सुजलेली बाई समुद्रापुढं उभी राहिली. एवढं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. गुरवानं सांगितलं, आधी समुद्रात स्नान कर, मग देवाकडं ये.

तिला माहीत होती वेदगंगा. नदीचं पाणी वाढतं ते वर पाऊस झाला म्हणजे, आणि आभाळ तर लख्ख होतं. तिनं पाण्यापासून वीस-एक पावलांवर वाळूत अंगरखा घडी करून ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला. बुडी मारली, वर येऊन एका खडकाच्या सावलीला ओल्या लुगड्यानिशी टेकली. लुगडं जरा सुकेपर्यंत बसू म्हणाली आणि तिथंच तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा लाटा खडकापाशी आल्या होत्या. वाळू नव्हती, दगड दिसत नव्हता आणि अंगरखाही नव्हता. बाई गळ्याइतक्या पाण्यात शिरून हातानं तळ चाचपत राहिली. कोळ्यांनी तिला ओढून बाहेर काढलं. ही भरती आहे बाई, रोज दोनदा येते, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. तिला ते पटलं नाही. पावसाचा थेंब नसताना पाणी चढतं होय? परकी माणसं, पण मायेची. आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलताहेत, असं तिला वाटलं. तिच्या लेखी देवानं पोर नेलं होतं.

ती घरी गेली नाही. गेलं म्हणजे हंबीर मेला हे कुणाच्या तरी तोंडून ऐकावं लागणार, आणि नाही गेलं तर निदान कानावर तरी पडणार नाही, एवढाच तिचा हिशेब. वेडेपणाच म्हणायचा, पण त्या वेडेपणावरच ती जगली. निरोप धाडला नाही, कारण उलट निरोप आला असता. देवळाचं अंगण झाडायचं, गुरवाच्या घरी भांडी घासायची, मिळेल तो भात खायचा. शिवरात्रीला घाटावरची बोली कानावर आली की ती पदर ओढून मागं सरायची.

अशी नऊ वर्षं गेली. नवव्या शिवरात्रीला मुरगूडचा गाडीवान कृष्णात जत्रेला आला होता. झाडता झाडता तिचा पदर सरला आणि त्यानं तिला ओळखलं. तो पार हादरला. घाटात तिला वाघानं नेलं असं गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. तिनं दोन्ही हात कानांवर दाबले, काही सांगू नको म्हणाली. कृष्णातनं तिचे हात धरून खाली घेतले.

"काकी, हंबीर जित्ता हाय. तू गेलीस त्याच्या चवथ्या दिवशी ताप उतरला की त्याचा. आता औत धरतोय त्यो."

चिमणाबाई तिथंच खाली बसली. कृष्णात आपणच बोलत राहिला. आक्का वारल्या, घर शाकारलं, बैलजोडी नवी घेतली. पितृपंधरवड्यात हंबीर आईच्या नावानं म्हाळ घालतो, हेही तो बोलून गेला. लहान होता तेव्हापासून, एक वर्ष चुकवलं नाही.

"कावळा शिवतोय का पानाला?" तिनं विचारलं.

कृष्णातनं मान खाली घातली. "न्हाय शिवत. एका साली बी न्हाय. छपरावर पान ठेवतंय आन् दिवस बुडंपत्तोर उपाशी बसतंय पोरगं. म्हणतंय, मी आजारी पडलो म्हणून आई गेली, ती अजून माझ्यावर रुसलीया."

त्यावर ती अशी ओरडली की दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कृष्णातनं तिला धीर दिला. उद्या सकाळी गाडी जुंपतो, तुला दारात नेऊन सोडतो, म्हणाला. ती तोवर उठून उभी राहिली होती.

"तुजी बैलं हळू चालत्यात," ती म्हणाली, आणि देवाकडं न बघता घाटाच्या वाटेला लागली.