हिर्पाच्या मागे धावणारी तोलाशी

तोलाशीचा उजवा गुडघा पुन्हा सुजला तेव्हा तिने ते घरात कुणालाच सांगितलं नाही. तीन वर्षांतलं हे तिसरं दुखणं. तिला तिसावं चालू होतं, असेला शहरातल्या धावपटूंच्या क्लबची निवड पाच महिन्यांवर आली होती, आणि तिशी ओलांडलेल्या मुलीला कुठलाही क्लब दारात उभं करत नाही हे आमच्या सागुरे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या खेपेला जमलं नाही तर पळणं संपलं. मग आहेच जवाचं शेत आणि चूल.

आमच्याकडे एकट्याने पळत नाहीत. एकटा पळतो तो तब्येतीसाठी पळतो, असं म्हणून लोक हसतात. ज्याला काही व्हायचंय त्याने रांगेत पळायचं. पुढच्याच्या पायांवर नजर ठेवायची आणि त्याचा पाय उचलला की आपला उचलायचा. निलगिरीच्या झाडांच्या रानातून पंधरावीस जणांची रांग अशी वळणं घेत जाते, आणि रांग जमलेली असेल तर सगळ्यांच्या पावलांचा मिळून एकच आवाज येतो. त्या एका आवाजाचा आम्हाला भारी अभिमान.

तोलाशीच्या रांगेचा म्होरक्या तिचा थोरला, आता वेगळं घर केलेला भाऊ हिर्पा. चांगला ताडमाड गडी, टांग टाकली की ओढा पार. दोन वर्षं तो स्वतः क्लबात राहून परत आला होता. का आलास असं कुणी विचारलं तर "हवा मानवली नाही" म्हणायचा आणि विषय बदलायचा. तोलाशी आठ वर्षांची असल्यापासून शाळेच्या रस्त्यावर त्याच्या मागे पळायची. बाप गेल्यावर तिला पहिले बूट हिर्पानेच आणून दिले. त्यामुळे रांगेत त्याच्या पाठची जागा तिची. ती घेण्याची दुसऱ्या कुणाची बिशाद नव्हती. उंचीने ती त्याच्या खांद्यालाही लागायची नाही, पण त्याचं पाऊल तिने एकदाही चुकवलं नाही.

पहिल्यांदा गुडघा गेला तेव्हा आई तिला चर्चच्या पवित्र पाण्याला घेऊन गेली. सात सकाळी ती त्या बर्फासारख्या धारेखाली उभी राहिली. दुसऱ्यांदा नडगी गेली. हाडवैद्याने लोणी चोळत ती अशी काही दाबली की तोलाशीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दर वेळी तेच. महिनाभर पडून राहायचं, बरं वाटायचं, रांगेत जायचं, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा लंगडत घरी. लोक म्हणाले, दृष्ट लागली. हिर्पा म्हणाला, "पायाचे लाड करू नकोस. दुखतंय तर दुखू दे."

आता तिसऱ्या खेपेला ती बांधावर पाय पसरून बसली होती. शेजारच्या शेतात गेमेदा आबा नांगर धरून होते. त्यांनी बैल थांबवले.

"काय गं, पुन्हा पाय?"

"पुन्हा. मेला जन्माला पुरलाय."

"एक विचारू? तुम्ही बहीणभाऊ रस्त्याने पळत जाता, तेव्हा मला एकाच माणसाच्या पायांचा आवाज येतो."

"मग! चांगलंच आहे की."

"डोंबलाचं चांगलं! माझा तांबडा बैल आठवतो? त्याला त्या थोराड काळ्याबरोबर जुंपला होता मी. काळ्याला गाठायला हा आपला पाय पुढे फेकायचा. दोन हंगामांत गुडघ्यातनं गेला. बैलाला बोलून काय उपयोग, चूक माझी होती. तुझ्या मानेवर कुणी जू ठेवलंय?"

तोलाशीला राग आला. या म्हाताऱ्याला पळण्यातलं काय कळतं, असं पुटपुटत ती उठली आणि रिकामा कॅन पाठीला बांधून झऱ्यावर गेली. उतारावर तिची पावलं सवयीने लांब पडत होती आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यात कळ येत होती. येताना वीस लिटर पाणी पाठीवर होतं. ओझ्याखाली पाऊल आपोआप आखूड पडतं; पाय पुढे फेकता येत नाही, तो बरोबर अंगाखाली टेकतो, गुडघा जरा वाकलेला राहतो. अर्धी चढण चढल्यावर तिच्या ध्यानात आलं की कळ आलेलीच नाही. तिने कॅन खाली ठेवला. दहा पावलं लांब टाकून पाहिली, दुखलं. दहा आखूड टाकली, नाही दुखलं. तिने हे तीनदा केलं. झऱ्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

सूज उतरल्यावर ती चर्चमागच्या गायरानात एकटी पळायला लागली. सांगायला सोपं आहे. पाय पुढे फेकायचा नाही, टाच आपटायची नाही, जिथे पूर्वी चार पावलं तिथे आता पाच. पण एकवीस वर्षांची सवय अशी सुटते होय? मन जरा भटकलं की पाय आपला पुढे जायचाच. पोटऱ्या पेटायच्या, दहा मिनिटांत दम तुटायचा. मग ती चालायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

गावात बोलणी सुरू झाली. एकटा जेवतो तो एकटाच मरतो, अशी आमच्याकडे म्हण आहे, ती तिला ऐकू येईल अशी म्हटली जायची. शेवटी हिर्पाच दारात येऊन उभा राहिला.

"रांगेत का येत नाहीस?"

"तुझं पाऊल मला मोठं होतंय, दादा."

"इतकी वर्षं नाही झालं ते?"

"होत होतं. मला कळत नव्हतं."

"बरं. शहाणी झालीस," असं म्हणून तो निघून गेला, आणि पुढे तीन महिने तिच्याशी बोलला नाही.

रांग रोज गायरानाच्या कडेने जायची. तो एक आवाज आला की तोलाशीचे पाय आपसूक तिकडे ओढ घ्यायचे. एके दिवशी ती गवतात बसून हमसून हमसून रडली. गुडघा बरा होत होता आणि भाऊ तुटत होता.

निवडीच्या दिवशी असेलाच्या मातीच्या मैदानावर पंचवीस फेऱ्या होत्या. सहा जणी घेणार होते. चौथ्या फेरीत तोलाशी एका उंच मुलीच्या मागे आली, आणि बघता बघता तिचा पाय त्या मुलीच्या पायाबरोबर पडायला लागला. गुडघ्यात बारीक चमक आली. ती घाबरली आणि लगेच रांग सोडून बाहेरच्या बाजूला गेली. तिथून प्रत्येक वळण लांब पडत होतं. पडू दे, म्हणाली. बाकीच्या फेऱ्या ती तिथूनच, आपल्या आखूड पावलांनी पळाली. पाचवी आली. रेघ ओलांडून तिने आधी गुडघा दाबून पाहिला. मग उकिडवी बसून पाहिलं. काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिर्पा घरी आला. आईने कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या. पहिला कप झाला, दुसरा झाला. आमच्याकडे तिसरा होईपर्यंत उठायचं नसतं, म्हणून बसला असावा. तिसरा हातात घेऊन तो म्हणाला,

"क्लबच्या कोचने मला सांगितलं होतं. तुझा गुडघा पहिल्यांदा गेला तेव्हाच. बहिणीचे पाय आखूड आहेत, म्हणाला. तुझं पाऊल कमी कर, नाहीतर तिला दुसऱ्याच्या मागे लाव."

"मग?"

"पाऊल कमी केलं असतं तर म्होरक्या राहिलो नसतो. आणि तू दुसऱ्याच्या मागे गेली असतीस, तर क्लबाने परत धाडलेल्या माणसामागे दुसरं कोण पळालं असतं?"

तोलाशीला वाटलं, हातातला कप फेकून मारावा. ते गार पाणी, तो हाडवैद्य, अंथरुणात काढलेले ते सगळे महिने तिच्या डोळ्यांपुढे आले.

"तीन वर्षं, दादा. माझी तीन वर्षं खाल्लीस तू."

"हो," हिर्पा म्हणाला.

त्याने सबब सांगितली असती तर ती कडाडून भांडली असती. पण त्याने एकही सांगितली नाही. मग जे खरं होतं ते तिने सांगून टाकलं.

"तू सांगितलं असतंस ना, तरी मी ती जागा सोडली नसती."

हिर्पाने मान खाली घातली. बाप गेला त्यानंतर तो पहिल्यांदाच रडला. तोलाशीने त्याला गप्प केलं नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. ती उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.