मतदानाने निवडलेली पिकअप

त्या हिवाळ्यात आम्ही एक पिकअप मतदानाने निवडली. ठराव वाचून, अनुमोदन घेऊन, हात वर करून. ठराव माझा होता.

आम्ही म्हणजे नव्वदीच्या दशकात बहारीनमध्ये नोकरी करणारे तीसेक जण: फिटर, वायरमन, टायपिस्ट, दोन-चार कुटुंबवाले. दर शुक्रवारी मनामाच्या झिंज भागातल्या एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये बुद्धवंदना आणि मग बैठक व्हायची. चहाची पत्ती कुठली आणायची यावरही ठराव व्हायचा. बाहेरचे हसायचे, हसोत. ज्यांच्या बापाला पंचायतीच्या ओट्यावर बसू दिलं नाही, त्यांना आपला हात मोजला जाण्याची किंमत कळते. मी सव्वीस वर्षांचा, एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्ट, आणि पत्रकं लिहिण्यात तरबेज.

काका आमच्यात सर्वांत जुने. अकोल्याकडचे, अवजड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, बहारीनमध्ये चौदा वर्षं. पगार कमी म्हणून फॅमिली व्हिसा 'मफी', इथल्या अरबीत 'नाही'. दोन वर्षांतून एकदा रजा मिळायची, तेवढाच त्यांचा संसार. माणसाचे हात हवेत, त्याचं घर नको, असा हा कायदा. त्याबद्दलचा माझा राग आजही तसाच आहे. त्या वर्षी त्यांच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता त्या मालकाने, काकूंसाठी महिनाभराचा व्हिजिट व्हिसा काढून दिला. पण काकूंना ठेवायचं कुठे? काका सहा जणांच्या खोलीत राहायचे.

तेवढ्यात देश सोडून निघालेल्या एका इंग्रज इंजिनिअरने आपली जुनी कॅरॅव्हॅन काकांना देऊन टाकली. चाकांवरची खोलीच ती. दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग व्हायचा, एक छोटी शेगडी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. हिवाळ्यात इथले लोक सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. काकांनी बैठकीत सांगितलं, कॅरॅव्हॅन तिथे नेऊन उभी करू. शुक्रवारी सगळ्यांची, बाकीचे दिवस महिनाभर आमची दोघांची. हे सांगताना ते सतरंजीकडे बघत होते. सगळ्यांनी होकार दिला.

प्रश्न राहिला तो ओढायच्या गाडीचा. कफीलकडे एक जुनी अमेरिकन पिकअप होती, रुंद, जड, रेड्यासारखी. एक दिवस घेऊन जा, म्हणाला होता. दुसरी होती आमच्याच एका सभासदाची, हमद टाउनमध्ये भाजीचे क्रेट वाहणारी छोटी जपानी पिकअप. काकांनी मला वर्कशॉपच्या मागे नेलं. कॅरॅव्हॅनचं नाक, म्हणजे गाडीच्या हुकात अडकवायचा दांडा, दुकानातून मागून आणलेल्या वजनकाट्यावर टेकवलं. मग तेवढ्याच वजनाच्या सिमेंटच्या गोण्या छोट्या पिकअपच्या शेपटाला ठेवल्या. शेपूट खाली बसलं, तोंड वर झालं. शिवाय कॅरॅव्हॅनचे स्वतःचे ब्रेक गंजून बसले होते, त्यांचे भाग इथे मिळत नव्हते.

"ओढत तं कोनतीई गाडी नेते, बापू," काका म्हणाले. "थांबवते कोन?"

मी ऐकलं. मला कळलंही. आणि तरी खोलीवर जाऊन पत्रक लिहिलं: 'मालकाच्या गाडीला बांधलेली चळवळ'. ऑफिसच्या झेरॉक्सवर चाळीस प्रती काढल्या. पहिल्याच सामुदायिक कामाला मालकाची गाडी मागणार असू, तर उद्या त्याच्या माणसाला बैठकीत खुर्ची द्यावी लागेल, असं लिहिलं. एक वाक्य काकांसाठीच होतं: काही ज्येष्ठांना उपकाराची सवय जडली आहे. नाव घातलं नव्हतं. नाव न घालता माणूस ओळखू कसा आणायचा, ही कला मला चांगली येत होती.

शुक्रवारी छोट्या पिकअपच्या बाजूने बावीस हात वर झाले. विरोधात काका आणि एक वेल्डर. त्या बावीस जणांपैकी कुणीही आयुष्यात कधी काही ओढून नेलेलं नव्हतं. गाडीला किती वजन झेपतं हे हात मोजून ठरत नाही, एवढं साधं वाक्य खोलीत कुणी उच्चारलं नाही, कारण उच्चारणाऱ्याला मी पुढच्या पत्रकात घेतलं असतं.

आमच्यात रीत होती: ठराव झाला की विरोध करणाऱ्यानेही तो राबवायचा. काका म्हणाले, बहुमत झालं, खलास. पण गाडी मीच चालवणार. दुसऱ्या कुणाच्या हाती ती देणं त्यांना धोक्याचं वाटलं असणार. सकाळी निघालो, मी शेजारी बसलो. काका सायकलच्या वेगाने चालवत होते, मागून हॉर्न वाजत होते. रिफापर्यंत नीट आलो. तिथल्या उतारावर वाऱ्याचा जोर आडवा आला आणि कॅरॅव्हॅन मागे शेपटीसारखी हलू लागली. आधी थोडी, मग जास्त. काकांनी पाय ब्रेकवर अलगद ठेवला, आणि मागचं वजनच आम्हाला ढकलू लागलं. कॅरॅव्हॅन कडेला कलंडली, पिकअप तिच्याबरोबर आडवी फिरून थांबली. काकांच्या मनगटाचं हाड मोडलं, मला खरचटलंही नाही. कॅरॅव्हॅनची एक बाजू पूर्ण फाटली होती, आतले पडदे बाहेर फडफडत होते.

चार दिवसांनी काकू आल्या.

त्यांचा मुक्काम झिंजच्या त्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये झाला, त्या घरातल्या मुलांशेजारी गादी टाकून. काका ड्युटी संपवून प्लास्टरचा हात घेऊन यायचे, चार माणसांत बसून चहा प्यायचे, जेवण झालं की आपल्या खोलीवर परत. चौदा वर्षांत इथे एकत्र मिळालेला पहिला महिना असा गेला. पैठण्या नि पिक्चर नव्हते मागितले त्यांनी, एक दार मागितलं होतं लावून घ्यायला.

एकदा मी तिथे गेलो. जयभीम झाला. काकूंनी चहा दिला आणि काकांच्या हाताकडे बघत मला म्हणाल्या, "यांचाच हट्ट पाहा. जलमभर दुसऱ्याइच्या गाड्या दुरुस्त केल्या, अन् सोताची निवडाची येळ आली तं चुकले."

म्हणजे काकांनी त्यांना असं सांगितलं होतं.

काका समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुलांच्या वहीत बघत राहिले. मी चहा संपवला. कुठे खोटं दिसलं की दुसऱ्या दिवशी पत्रक काढणारा मी. त्या वाक्याला मी हात लावला नाही.

काकूंचं विमान गेल्यानंतरच्या शुक्रवारी मी चूककबुलीचा ठराव मांडला. गाडीची निवड चुकली, जबाबदारी माझी, पत्रकातलं ते वाक्य मागे घेतो. एकमताने मंजूर झाला. काका त्या दिवशी ड्युटीवर होते. अकोल्याला काकूंना हे कुणी कळवलं नाही. पत्ता माझ्याकडे होता.