दुसऱ्यांदा विचारलेली परवानगी

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडं खुलताबादजवळच्या एका गावातल्या चाळीसेक बायकांच्या रक्ताचे नमुने होते. अंगात रक्त किती कमी आहे एवढंच बघायचंय, असं सांगून मीच ते घेतले होते. ते काम संपल्यावर माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "उरलेल्या नमुन्यांवर आनुवंशिक आजाराचीही तपासणी करून टाका. एक शोधनिबंध सहज होईल."

"पण सर, त्यासाठी त्यांना विचारलेलं नाही."

"संमतीपत्रावर अंगठे घेतलेत ना? मग झालं."

माझी पदवी त्यांच्या सहीवर अडकलेली. तरी मी म्हणाले, "मी परत जाऊन विचारते."

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

"तर तिचा नमुना टाकून द्यायचा."

सर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मी एसटीनं गाव गाठलं. बायका शाळेच्या ओट्यावर जमल्या. हा आजार आईबापाकडून लेकरात उतरतो, असं मी सांगितलं. मग एक काकू उठल्या. "बाई, गावात कळलं तर माझ्या पोरीची सोयरीक व्हईल का?"

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. लाज वाटली. मी म्हणाले, "निकाल फक्त तुमच्या कानात सांगीन. नवऱ्यालाही नाही."

"अन् सासूला?"

"सासूला तर नायच!"

हशा पिकला. तिघी सोडून सगळ्यांनी होकार दिला. त्या तिघींच्या नळ्या मी आधी नष्ट केल्या, मगच कामाला लागले.

निकाल सांगायला गेले, तेव्हा सरपंच ओट्यावर येऊन बसलेले. "कुणाकुणाला हाय त्याची यादी द्या. गावाच्या भल्यासाठीच मागतोय."

मी तोंड उघडायच्या आत काकू पुढं झाल्या. "यादी नाय भेटायची, दादा. बाईनं आमाला शब्द दिलाय." त्यांच्या मागं सगळ्या बायका उभ्या राहिल्या. सरपंच टोपी सारखी करत निघून गेले.

तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी परवानगीबद्दल खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी कौतुकानं सरांकडं पाहिलं, तसे सर उठून म्हणाले, "याचं श्रेय मला नको. मी विरोधच केला होता. चूक माझी होती."

पदवी मिळाली. बाहेर पडले ती सरळ गुलमंडीच्या बाजारात गेले, स्वतःसाठी लाल काठाची साडी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही.