शेवटची कानस

परदेशी जायला त्या काळी तीन दारं होती, आणि लोणावळ्याच्या आमच्या वर्कशॉपात बसून तिन्हींची चौकशी मी केली होती. विलायतेला जायचं तर आधी तिथल्या मालकाचं पत्र हवं. तिथला मालक औंढ्यासारख्या खेड्यातल्या माणसाला कशाला ओळखतोय? कॅनडावाले गुण द्यायचे. वयाला गुण, शिक्षणाला गुण, इंग्रजीला गुण. माझ्याजवळ नुसतं वय होतं. उरलं आखात. तिथे म्हणे कागद कमी बघतात, हात बघतात. हात माझे बरे होते.

मी फिटर. कामशेतच्या भातगिरण्यांचे झिजलेले भाग आमच्याकडे यायचे आणि मिस्तरींच्या हाताखाली मी ते नव्याने घडवायचो. मिस्तरी बेडश्याचे, बोलायला कंजूष. त्यांची एक रीत होती. चेल्याने काम कितीही चोख केलं तरी लोखंड घासून नितळ करायची ती शेवटची कानस मिस्तरींनी मारायची. आपण तुकडा पुसायचा, कानस दोन्ही हातांनी पुढे करायची, मान खाली घालून मागे सरायचं. नऊ वर्षांत मी एकही काम स्वतः संपवलं नव्हतं, आणि वर त्याचा मला अभिमान होता. हसायचं तर हसा.

आखातातल्या नोकरीसाठी मुंबईत द्यायच्या परीक्षेचं पत्र आलं आणि गावाने मला पाठवूनही दिलं. मारुतीच्या देवळात नारळ, टोपी, टॉवेल झाला. एकाने येताना घड्याळ आणायला सांगितलं, दुसऱ्याने रेडिओ. तिकडे वाळूत मिरची उगवत नाही असं कुठूनसं ऐकून आईने ठेच्याची बरणी बांधली. व्हिसा तेवढा राहिला होता.

मला मात्र खरंच जायचं होतं. घड्याळासाठी नाही. मी कोणाचा चेला हे जिथे कुणालाच ठाऊक नाही, तिथे माझं काम टिकतं का, हे मला बघायचं होतं. दुसरं काही डोक्यात नसायचं.

परीक्षा सोपी होती. लोखंडी पाटीत चौकोनी भोक, त्यात चौकोनी तुकडा कानसून बसवायचा, फटीतून उजेड दिसता कामा नये. शेजारचे घामाघूम झाले होते तेव्हा माझं उरकलं होतं. गोरे साहेब आले, सोबत मराठी कारकून. काम झालं का, असं कारकुनाने विचारलं. मी तुकडा पुसला, कानस दोन्ही हातांनी पुढे केली.

"न्हाई साहेब. शेवटची कानस तुमी मारायची."

कारकुनाने त्याचं इंग्रजी केलं. साहेबांनी कानसेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कार्डावर काही लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. तुकडा भोकात घालूनही बघितला नाही. काय लिहिलं ते कारकुनाने सांगितलं: काम अपुरं. मी मागे सरून मान खाली घालून उभाच होतो.

नापासांनी आपापलं लोखंड घेऊन जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते मिस्तरींच्या पुढ्यात ठेवलं आणि झालं ते सांगितलं. त्यांनी तुकडा उचलून भोकात सोडला. तो बसला. त्यांनी पाटी खिडकीसमोर धरली. उजेड कुठूनच येत नव्हता.

"तुझ्या कामाला मी हल्ली कानस लावतच नव्हतो," ते म्हणाले. "चार-पाच वर्सं झाली. नुसती वरनं फिरवायचो."

"मग मला सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं, तर हितं थांबला असतास व्हय?"

मला त्यांचा अतोनात राग आला. पुढच्या आठवड्यात एका गिरणीचा भाग तयार झाला, तेव्हा मी तो स्वतःच संपवून दिला, कानस पुढे केली नाही. मिस्तरी हात पुसून बाकावर बसले, ते संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले.