नारळ चाकाखाली गेला

देवावर विश्वास ठेवणं मला कधी जड गेलं नाही. जड जातं ते माणसांवर. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरची गोळी, सगळ्यांवर माझा डोळा. गॅरेजवाले चांगला पार्ट काढून जुना बसवतात, हे तर मला कुणी सांगावंही लागलं नाही. ते मी आईच्या पोटातूनच शिकून आलो असणार. त्यामुळे आमच्या जुन्या गाडीचे मागचे ब्रेक धरून बसले आणि चाकं तापायला लागली, तेव्हा मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि मागचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी चिमट्यासारखी धरून गाडी थांबवणारे भाग, अवसरीच्या आमच्या ओट्यावर स्वतः उकलले.

निमित्त आईचं होतं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, म्हणून चतुर्थीला ओझरच्या विघ्नहराला न्यायचं होतं. नवस तिचा, गाडी माझी. पिस्टनचा गंज घासला, नवे सील बसवले. अदलाबदल नको म्हणून काढतानाच खूण केली: उजव्याला कुंकू, डाव्याला हळद. या हुशारीवर मी दोन दिवस खूश होतो.

चतुर्थीच्या सकाळी मात्र ब्रेकचा पाय, म्हणजे पेडल, स्पंजासारखा आत जायला लागला. नळीत हवा राहिली की असं होतं. बायकोला आत बसवून पाय दाबायला लावला आणि हवा काढायच्या छोट्या तोटीतून ऑइल सोडत राहिलो. बुडबुडा एक नाही, आणि पाय तसाच मऊ. मग संशय सुरू झाले. सील डुप्लिकेट असतील, ऑइल भेसळीचं असेल, बायको मन लावून दाबत नसेल.

"अवो, दाबतेय की. आता काय पाय मोडून घेऊ?" ती म्हणाली.

त्याच वेळी फाटकाशी जुन्नरचे एक चाचा मोटरसायकल लावून आमचा कुकर दुरुस्त करत बसले होते. पांढरी जाळीची टोपी, गुडघ्यावर फडकं. मी बायकोला मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "लक्ष ठेव, नवी रिंग काढून जुनी घालतात."

"ताई, भाऊंना हितं खुर्ची टाका," चाचा मान वर न करता म्हणाले. "बसून बघू द्या."

पाय दोनदा दाबला की ब्रेक थोडा लागत होता. तेवढ्यावर ओझर गाठायचं मी ठरवलं. हार कबूल करण्यापेक्षा आईला तशा गाडीत बसवणं मला सोपं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. आमच्या घरची रीत अशी, की चाकांखाली लिंबं आणि चार हात पुढं नारळ ठेवायचा; गाडीनं लिंबं चिरडून नारळाच्या अलीकडं थांबायचं, मग आई तो फोडणार. आईनं वाकून नारळ ठेवला, काठी टेकत बाजूला झाली. मी गाडी सोडली. लिंबं गेली. ब्रेक दाबला, पाय तळाला गेला, आणि आई जिथं वाकली होती तिथं चाकाखाली नारळ फुटला.

 मग आई म्हणाली, "घेतला त्यानं हितंच. आता न्हाई जायाचं."

मी गाडीला जॅक लावला. मागचं चाक पुन्हा काढलं. चाचा शेजारी येऊन उकिडवे बसले. मला वाटलं, आला गिऱ्हाईक शोधत.

"भाऊ, हवा काढायची तोटी कंची?"

मी दाखवली.

"ती बुडाला हाये. कुकरची शिट्टी कुनी बुडाला बसवतं व्हय? हवा वरच राह्यनार की."

माणसावर विश्वास नाही, म्हणून पुढच्या चाकात बॅटरी मारून पाहिलं. तिथं तोटी वरच होती. तेव्हा उजेड पडला. कुंकू लावताना मी बोनेटसमोर उभा होतो आणि बसवताना डिकीकडून आलो. माझा उजवा तो गाडीचा डावा. खूण पक्की होती, उभा राहिलेला माणूस चुकला होता.

कॅलिपर अदलाबदल केले. तोटी उघडल्यावर इतके बुडबुडे निघाले की बायको हसायला लागली. पाय दगडासारखा झाला. अंगणात चारदा गाडी थांबवून दाखवली, तेव्हा आई ओझरला जायला तयार झाली. फुटलेल्या नारळाची स्वच्छ भकलं तिनं चाचांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती फडक्यात बांधली आणि ते पुढच्या आळीला गेले.

मी त्यांना 'चुकलो' म्हणालो नाही. उलट ते वळल्यावर कुकर उघडून रिंग पाहिली. नवीच होती.

विघ्नहरासमोर उभा राहिलो तेव्हा मागायला काही सुचेना. विघ्न मीच होतो आणि ते एका नारळावर निभावलं होतं. चाचा त्या वेळी फाटकाशी का होते, हा हिशेब मी मांडत नाही; त्यांना कुकरचं काम होतं, एवढंच मला ठाऊक आहे. हात जोडले, आणि खूप दिवसांनी कुणावर डोळा न ठेवता डोळे मिटले.

परतताना नारायणगावच्या पुढं आरशात पाहिलं. आई मागच्या सीटवर मान टाकून गाढ झोपली होती, माझ्या ब्रेकच्या भरवशावर.